पाव्हणे कुठले?

सिरसाळ्याहून परळीकडं निघालं की औष्णिक वीजकेंद्राची धुराडी लांबूनच दिसायला लागतात. वैजनाथाचं शिखर मात्र जवळ गेल्याशिवाय दर्शन देत नाही. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि त्याच्यासोबतचा धन्वंतरी असुरांच्या हाती लागू नयेत म्हणून देवांनी ह्या लिंगात लपवले, अशी आमच्याकडची कथा. त्या अमृताच्या शेजाराला 1971 सालापासून कोळसा जळतो आहे. देवळातलं भस्म भाळाला लागतं आणि वीजकेंद्रातली राख वीटभट्ट्यांवर जाते. दोन्ही राखांनी आपापली कामं वाटून घेतल्यासारखी. एखाद्या कादंबरीकारानं ज्योतिर्लिंग आणि टर्बाईन एकाच प्रकरणात आणलं असतं, तर समीक्षकांनी त्याला 'जरा ताणलंय' असं ऐकवलं असतं. परळीला हे कोण ऐकवणार? तिथं माणसं सकाळी अभिषेक उरकून दुपारच्या पाळीला जातात, आणि एका कथेतून दुसऱ्या कथेत पाऊल टाकताना त्यांना उंबरठासुद्धा लागत नाही.

अशा मुलखात वाढल्यामुळं असेल, भाच्याची अडचण नेमकी कसली हे मला लवकर उमगेना. तो पुण्याला शिकतो. दिवाळीला सिरसाळ्याला आला तेव्हा फटाक्यांऐवजी त्याच्या पिशवीतून फासे निघाले, आणि तेही कसले, तर वीस बाजूंचे. शंकर-पार्वतीच्या सारीपाटात असा फासा असता तर कैलासावरची भांडणं आजवर मिटली नसती. फाशांबरोबर एक वही होती, पेन्सिली होत्या, आणि कपाळावर परीक्षेच्या आदल्या रात्रीची आठी होती. "मामा," तो म्हणाला, "दोन निराळ्या तऱ्हेच्या गोष्टी एकात एक मिसळल्या तर लोकांना पटतील का?" ऐतिहासिक गोष्टीत विज्ञानकथा घालायचं त्याच्या मनात होतं आणि दोघींचं एकमेकींशी पटेल की नाही ह्या काळजीनं त्याला घेरलं होतं. सोयरीक जुळवणाऱ्या माणसाची कळा त्याच्या तोंडावर होती.

खेळ असा. चार-सहा जणांनी गोल बसायचं. एकानं गोष्ट सांगायची. त्याला मास्टर म्हणतात. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आता आपण काय करणार ते तोंडानं बोलायचं. कुणी म्हणतो, मी तटावर चढतो. चढला की पडला, ते फासा ठरवतो. सोंग आहे, पण रंग नाही. नाटक आहे, पण संहिता नाही. जुगाराचं साहित्य आहे, पण कुणाचा पैसा जात नाही. जिंकणं-हरणंही फारसं नाही. गोष्ट पुढं गेली म्हणजे सगळे जिंकले. आमच्याकडं पारावर पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं. फक्त फासे नव्हते, त्यामुळं पडलेल्या माणसाला आपण पडलो हे कधी कबूल करावं लागलं नाही.

खेळाचं कूळ अमेरिकेतलं. मिनेसोटाच्या डेव्ह अर्नेसननं 1971 च्या सुमारास 'ब्लॅकमूर' नावाचं काल्पनिक राज्य मित्रांबरोबर खेळायला घेतलं. लेक जिनिव्हा ह्या गावचा गॅरी गायगॅक्स त्याला येऊन मिळाला आणि 1974 मध्ये दोघांच्या नावानं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून निघाला. पहिली छपाई हजार प्रतींची. त्यात तलवारी, चेटूक, भुयारं आणि भुयारातले ड्रॅगन. वाटावं की हे राज्य आता ड्रॅगनच्या नावावर कायमचं चढलं. पण वर्षभरातच ब्लॅकमूरच्या पुस्तिकेत एक बेडकाचं देऊळ आलं आणि त्या देवळात परक्या जगातली यंत्रं निघाली. गायगॅक्सनं 1976 च्या एका स्पर्धेसाठी रचलेली आणि 1980 मध्ये 'एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स' ह्या नावानं छापलेली कथा तर आणखी पुढं गेली. चिलखतं घातलेले वीर डोंगरातल्या गुहेत शिरतात आणि ती गुहा म्हणजे आभाळातून कोसळलेलं यान असतं. दारं उघडायला रंगीत पत्ते लागतात, यंत्रमानव फिरत असतात, कोपऱ्यात किरणांची बंदूक पडलेली असते. ती हातात घेतलेल्या वीराला ती कशी चालते ठाऊक नाही. म्हणून पुस्तकात आकृत्याच दिल्यात, फासे टाकत टाकत चाचपडायला. कळ दाबली आणि फासा फिरला, तर बंदूक चालवणाऱ्यालाच इजा.

मला ह्यातली गंमत अशी वाटली, की बंदूक खेळणाऱ्याला चांगली ठाऊक असते, पात्राला नसते. मोठी, शिकलीसवरली माणसं गोल बसून मन लावून अडाणी होतात. ज्ञान मिरवायला सगळे उत्सुक असलेल्या ह्या जगात, आपल्याला येतं ते विसरून एखाद्या वस्तूकडं पहिल्यांदा पाहायचं, ह्याला केवढा सराव लागत असेल! ऋषी ज्यासाठी हिमालयात जात, ते हे लोक सुट्टीच्या दुपारी करतात.

पुढं मिसळीची रीतच पडली. 1989 च्या 'शॅडोरन'मध्ये मोठमोठ्या कंपन्यांच्या काळोख्या शहरांत परीकथेतले एल्फ नोकऱ्या-चोऱ्या करू लागले. 1990 च्या 'टॉर्ग'मध्ये निरनिराळ्या वास्तवांनी पृथ्वीचे लचके तोडून आपापले प्रांत वसवले आणि प्रत्येक प्रांतात तिथलेच नियम लागू केले. ज्या प्रांताला यंत्र मान्य नाही, तिथं तुमचं यंत्र दगा देऊ शकतं. भाच्याला ही कल्पना फार थोर वाटली होती. मी त्याला एवढंच म्हणालो, की बालाघाटाच्या उतरणीला मोबाईल हातात घेऊन उभा राहा, म्हणजे तुला त्या खेळाचं पुस्तक विकत घ्यावं लागणार नाही.

खेळ संध्याकाळी ओसरीवर मांडला. भाचा मास्टर. खेळायला माझ्या चुलतभावाचा मुलगा, जो वीटभट्ट्यांवर जेसीबी चालवतो. त्याची कॉलेजात जाणारी बहीण. आणि शेजारचा सातवी-आठवीतला पोरगा. आत्या खांबाला टेकून वाती वळत होती, म्हणजे ती खेळात नव्हती, असं निदान सुरुवातीला सगळ्यांना वाटलं. काळ ठरला 1296 चा. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आलेला, रामदेवराय किल्ल्यात कोंडलेले. आणि त्या वेढ्यात, किल्ल्याच्या खंदकाशी, भविष्यातून आलेला एक यंत्रमानव प्रकट होणार होता. भाच्यानं घसा साफ केला आणि काळाला भोक कसं पडतं ते समजावून सांगायला सुरुवात केली. त्याची तयारी पक्की होती; वहीची तीन पानं भरली होती. दुसऱ्या पानाच्या मध्यावर जेसीबीवाल्यानं जांभई दिली.

आत्यानं वात बाजूला ठेवली. "पाव्हणे कुठले म्हणायचे हे?"

"आजी, तो भविष्यातून आलाय."

"आला आसंल. पर कोण्या वाटनं आला? पैठणकडनं का बीडकडनं?"

भाच्याच्या वहीत हे नव्हतं. त्यानं जरा विचार करून पैठणकडून आणला. "मंग पैठणला उतरला आसंल कोणाकडं तरी," आत्या म्हणाली, आणि त्या क्षणी तो पत्र्याचा परका खरा झाला. काळाच्या भोकानं जे साधलं नव्हतं ते एका मुक्कामानं साधलं. पैठणला तो कुणाच्या तरी पडवीत थांबला असणार, त्या घरच्यांनी त्याला पाणी विचारलं असणार, त्यानं नको म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं असणार. पुढचा प्रश्न ओघानंच आला. "खातो काय?"

"ऊन."

"ऊन व्हय? मंग आपल्याकडं त्याची आबाळ न्हाई." वातीला पीळ देता देता आत्या थांबली. "आन् आभाळ आलं म्हंजी?"

झालं. नियम बनला. ढगाळ दिवशी यंत्रमानवाच्या फाशातून पाच उणे. मग जेसीबीवाला सावरून बसला; लोखंड हा त्याचा विषय. देवगिरीच्या वेढ्याची एक गोष्ट आमच्याकडं लहानथोर सगळ्यांना माहीत असते. किल्ल्यात धान्याची म्हणून चढवलेली पोती उघडली तर त्यात मीठ निघालं, असं सांगतात. "मिठाशेजारी लोखंड किती दिवस टिकंल?" त्यानं विचारलं. ज्या पोत्यांनी माणसांना उपाशी पाडलं, तीच पोती न खाणाऱ्या पाव्हण्याला गंजवायला निघाली. एका जगातलं संकट दुसऱ्या जगातल्या प्राण्याला त्याच्या स्वतःच्या रीतीनं बाधलं, आणि माझ्या लक्षात आलं की गोष्टींची सोयरीक जुळली. दोन्ही घरांना एकमेकांमुळं काहीतरी सोसावं लागलं, म्हणजे ती जुळतेच.

खऱ्या जगातही असंच असतं. परळीचं वीजकेंद्र बाहेरून आलेली कथा होती. दगडी कोळसा, बॉयलर, मेगावॉट. ते ह्या मातीतलं कधी झालं? 2015 च्या दुष्काळात गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि ते अवाढव्य यंत्र तहानेनं बंद पडलं, तेव्हा. पाण्यावाचून बसून राहणारं ते आमच्यातलं एक झालं. तोवर ते इथं नुसतं उभं होतं.

त्या रात्री मला लहानपणीची कनात आठवली. जत्रेत तमाशा यायचा. आधी गण: गणपतीला साक्षात रंगमंचावर बोलावणं. मग गवळण: द्वापारयुगातल्या गौळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, आणि त्यांच्यासोबत मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला एक दणकट बाप्या. कृष्ण वाट अडवायचा आणि मावशी त्याच्याशी आमच्या गल्लीतल्या भाषेत भांडायची. त्यानंतर वग. राजा यायचा, त्याचा हवालदार यायचा, आणि त्या पुराणकाळच्या राज्यात आमच्याच रस्त्यांचे खड्डे असायचे. युगं बदलायला पडदा लागत नसे. ढोलकीच्या एका तुकड्यात द्वापार संपून तालुका सुरू व्हायचा. दादू इंदुरीकरांनी गाजवलेल्या 'गाढवाचं लग्न' ह्या वगात तर शापानं गाढव झालेला गंधर्व सावळ्या कुंभाराच्या दारात येतो आणि राजकन्येला मागणी घालतो. स्वर्ग, राजवाडा आणि कुंभारवाडा ह्यांची एवढी गाठ पडूनही कुणी चकित होत नाही, कारण सावळ्याला गाढव बोलतं ह्याचं जेवढं नवल वाटतं त्याहून अधिक काळजी ह्या लग्नाचं निभवायचं कसं ह्याची असते. प्रेक्षक सावळ्याच्या काळजीत सामील होतो आणि गंधर्वावर विश्वास ठेवून बसतो.

कोकणातल्या दशावताराचं तर भाच्याच्या खेळाशी रक्ताचं नातं लागेल. तिथंही संवाद लिहिलेले नसतात. कथा आणि पात्रं ठरतात, चेहरे रंगतात, आणि मग ज्याचं त्यानं रंगमंचावर उभं राहून बोलायचं. वेद पळवणारा संकासुर तिथं मालवणीत बोलतो आणि तरीही वेद चोरीला गेल्याची काळजी खरीच राहते. फासे तेवढे नाहीत. पण पहाटेपर्यंत जागलेला प्रेक्षक समोर बसलेला असताना फाशाची वेगळी गरज काय?

आणि सगळ्यांच्या आधी आमचे नाथ. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी अशी रस्त्यावरची माणसं वेदान्ताला जोडली, हे शाळेत शिकवतात. पण त्यांनी अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र असेही प्रकार लिहिले, ते मला अधिक अद्भुत वाटतात. देह म्हणजे परगणा, त्यात कारभारी माजलेले, आणि जिवाजीनं फारसी वळणाच्या कचेरीच्या भाषेत धन्याकडं दाद मागायची. मोक्षाची वाट महसूल खात्यातून काढणारा हा माणूस! मुक्ती मिळेल की नाही ह्याची त्या काळच्या श्रोत्याला शंका असेल, पण कचेरीत कारभारी माजतात ह्याबद्दल तीळमात्र शंका नसणार. त्या खात्रीच्या खांद्यावर हात ठेवून अद्वैत आत शिरलं.

हे सारं मी भाच्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे जुनं झालं. आता लोक एवढं सहज घेत नाहीत." मग त्याला 2023 च्या गणेशोत्सवाची आठवण करून दिली. ऑगस्टच्या 23 तारखेला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं होतं आणि महिन्याच्या आत गणपती आले. मंडळांनी थर्माकोलचा चंद्र केला, त्यावर विक्रम लँडर उतरवला आणि मधोमध बाप्पाला बसवलं. आता गणपतीचं आणि चंद्राचं वाकडं जगजाहीर आहे. चंद्र हसला, गणपती रागावला, आणि तेव्हापासून चतुर्थीच्या रात्री चंद्र बघितला तर चोरीचा आळ येतो. त्या रात्री आरतीला जमलेली माणसं थर्माकोलच्या चंद्राचे फोटो काढत होती आणि घरी जाताना खऱ्या चंद्राकडं चुकूनही नजर जाऊ नये म्हणून खाली बघून चालत होती. इस्रो आणि पुराण, दोघांचाही मान राखला गेला. कुणी समजावून सांगायला गेलं नाही, म्हणूनच ते जमलं. जिथं मिसळीचं स्पष्टीकरण सुरू होतं, तिथं ऐकणाऱ्याला संशय येतो की इथं काहीतरी मिसळलेलं आहे.

तर देवगिरीचा वेढा चालू होता आणि मीठ गंज चढवत होतं. कॉलेजकन्येनं हेमाडपंताला गाठून यंत्रमानवाला दगड उचलायच्या कामावर लावलं. चुन्याशिवाय देऊळ रचायचं तर असा गडी हवाच. एक पेच मात्र सुटेना. ज्याला काळ ओलांडता येतो तो ह्या वेढ्यात अडकून का राहील? उठून आपल्या काळात का जात नाही? भाचा म्हणाला, त्याचं यंत्र बिघडलंय. जेसीबीवाल्यानं लगेच दुरुस्तीच्या तीन तऱ्हा सांगितल्या. भाचा म्हणाला, त्याला वेढ्यातल्या माणसांची दया आली. आत्यानं मान हलवली. दया दोन दिवस पुरते.

शेजारचा पोरगा तोवर फारसं बोलला नव्हता. तो म्हणाला, "त्यानं उचल घेतलीया."

ओसरी गप्प झाली, आणि मग सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. बीड जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मुकादमाकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात ऊस तोडायचा. पोराचे आईबाप दर दिवाळीनंतर जातात. त्यालाही कधी सोबत जावं लागतं, कधी आजीजवळ राहता येतं. "कोणाकडून घेतली?" भाच्यानं विचारलं. "मुकादमाकडून. भविष्यातल्या." पोरगा आता पेन्सिल हातात घेऊन बसला होता. "पुढल्या काळात काम नव्हतं, म्हणून मागं आलाय. फिटल्याबिगर जाता येत न्हाई." अर्नेसन, गायगॅक्स आणि काळाला भोक पाडणारे सारे शास्त्रज्ञ मिळून जे पटवू शकले नसते, ते त्यानं दोन वाक्यांत पटवलं. काळाचा प्रवास ही त्याला मुळी नवलाची गोष्टच नव्हती. सोबत जातो त्या वर्षी तो अर्धं वर्ष शाळेच्या गोष्टीत काढतो आणि अर्धं वर्ष कोपीच्या, म्हणजे फडावरल्या झोपडीच्या. दोन्हींतली भाषा वेगळी, सकाळ वेगळी, वासही वेगळा. आणि दोन्हींत तो एकच पोरगा असतो.

पुढचा शोध त्याचाच. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. "हा एकलाच आलाय," तो म्हणाला. "म्हंजी अर्धा कोयता. त्याची जोडीदारीण कुठं आसंल?" आत्यानं वातींचं ताट बाजूला सारलं. कॉलेजकन्येनं खिलजीला तिथंच सोडलं. बघता बघता खेळाचा सगळा रोख फिरला, आणि देवगिरीचा इतिहास, खिलजीची फौज, मिठाची पोती ही सारी वाटेतली ठिकाणं होऊन बसली. शोध सुरू झाला तो चुकून दुसऱ्याच शतकात उतरलेल्या एका यंत्रबाईचा. भाच्यानं वही मिटली. त्या पोरानं ज्या बारकाईनं तिचं वर्णन केलं, तिच्या पाठीला किती बाक आलाय, ती पहाटे किती वाजता चालू होते, तिचा हात कुठं कापलाय, ते ऐकून तिला शोधायला कुणीही निघालं असतं. आत्या तर विचारू लागली, की ती भेटली तर तिला आधी सावलीत बसवायचं का उन्हात?

दिवाळी सरली. भाचा पुण्याला गेला, पोरगा आईबापांसोबत ट्रॅक्टरमध्ये बसला. यंत्रमानव एव्हाना त्या पोराचं पात्र झाला होता आणि बाई अजून सापडायची होती. एखादा खेळाडू गैरहजर असेल तर त्याच्या पात्राचं काय करायचं, हा ह्या खेळातला जगभरचा जुना प्रश्न आहे, असं भाचा फोनवर म्हणाला. कुणी त्याला आजारी पाडतात, कुणी मंत्रानं झोपवतात, कुणी कैदेत टाकतात, आणि काहीही केलं तरी ते ओढूनताणून वाटतं. मी फोन आत्याकडं दिला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ह्यात अडचण काय आहे? गडी ऊसतोडीला गेलाय. हंगाम संपला की येईल, तोवर खिलजीला म्हणावं, थांब.